गाडीचा इंजेक्टर बदलताय? मोठं माप म्हणजे जास्त ताकद नव्हे. आधी इंजिनाची गरज समजून घ्या

भंडारा : गाडीला पिकअप राहिला नाही, अॅव्हरेज पडलं, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते, उभ्या उभ्या झटके मारते. अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली की एक शब्द हमखास कानावर पडतो, तो म्हणजे इंजेक्टर. ‘इंजेक्टर गेला, बदलावा लागेल’ असं मिस्त्री सांगतो. मग नवीन घ्यायचा की कबाड्याकडून जुना आणायचा, याच गाडीचा घ्यायचा की दुसऱ्या गाडीचा ‘बसतो’ तो चालेल, हा प्रश्न उभा राहतो. त्यातच कुणीतरी सल्ला देतो, ‘थोडा मोठ्या मापाचा टाक, गाडी पळेल.’

इथेच अनेकांचा खिसा रिकामा होतो. चुकीच्या मापाचा इंजेक्टर बसला तर गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. ती चालत राहते आणि नुकसान आतल्या आत होत राहतं. दोन-चार महिन्यांनी प्लग, सायलेन्सरमधला कन्व्हर्टर किंवा थेट पिस्टन खराब झाल्याचं कळतं. तोवर मूळ कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून इंजेक्टरचं माप म्हणजे काय आणि ते इंजिनाशी कसं जुळवतात, हे प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक असायला हवं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यापासून साध्या मोटारसायकलीतही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला आहे. त्यामुळे हा विषय आता फक्त कारवाल्यांचा राहिलेला नाही.

इंजेक्टर म्हणजे ठिबकचा ड्रीपरच

ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्याला इंजेक्टर समजायला वेळ लागणार नाही. ड्रीपर घेताना तो तासाला २ लिटरचा की ४ लिटरचा, हे आपण पाहतो. नळीतला दाब ठरलेला असला की ड्रीपर ठरलेलंच पाणी देतो. इंजेक्टरचंही तसंच आहे. ठरावीक दाबावर तो पूर्ण उघडा ठेवला, तर एका मिनिटात किती मिलिलिटर पेट्रोल सोडतो, हे त्याचं माप. पेट्रोल इंजेक्टरचं माप बहुतेक वेळा ३ बार दाबावर सांगतात. कारच्या टायरमध्ये साधारण २ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून या दाबाचा अंदाज यावा.

फरक एवढाच, की ड्रीपर सतत गळतो आणि इंजेक्टर सेकंदाला अनेकदा उघडतो व मिटतो. त्याच्या आत तारेची गुंडाळी आणि बारीक सुई असते. गाडीच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, वीज दिली की सुई उचलली जाते आणि पेट्रोलचा बारीक फवारा सुटतो. वीज बंद झाली की सुई परत बसते. भोकाचा आकार आणि पेट्रोलचा दाब ठरलेला असल्यामुळे कॉम्प्युटरच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. पेट्रोल किती गेलं, हे कॉम्प्युटर मोजत नाही. बसवलेल्या इंजेक्टरचं माप त्याच्यात कंपनीने आधीच भरून ठेवलेलं असतं. त्या मापाच्या भरवशावर तो वेळेचा हिशेब करतो. आपण इंजेक्टर बदलला तरी कॉम्प्युटरला ते कळत नाही. तो जुन्याच मापाने उघडझाप करत राहतो.

जितकी हवा, तितकंच पेट्रोल

‘जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद’ हा समज सगळीकडे आहे. पण पेट्रोल जळायला हवा लागते आणि तिचं प्रमाण ठरलेलं आहे. १ ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. भाताला जसं तांदळाच्या मापाने पाणी घालतात, तसंच हे आहे. तांदूळ तेवढेच ठेवून पाणी दुप्पट केलं तर भात दुप्पट होत नाही, त्याची पेज होते.

इंजिनात हवा किती जाईल, हे इंजिनाचा आकार, त्याचा वेग, व्हॉल्व्ह आणि टर्बो यांवर ठरतं. ८०० सीसीचं साधं इंजिन प्रत्येक दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त पाऊण लिटरच्या आसपास हवा ओढतं. इंजेक्टर कितीही मोठा लावला तरी ही हवा वाढत नाही. मग जादा गेलेलं पेट्रोल जळणार कशाने? ते अर्धवट जळून काळा धूर होतं किंवा न जळताच बाहेर पडतं.

पूर्ण ताकदीच्या वेळी कंपन्या पेट्रोलचं प्रमाण थोडं वाढवतात. एक ग्रॅमला साडेबारा-तेरा ग्रॅम हवा, असं ते ठेवलेलं असतं. त्याने ताकद थोडी वाढते आणि इंजिन थंड राहायला मदत होते. पण हा हिशेबही कंपनीने आधीच केलेला असतो. त्याच्यापुढे वाढवलेलं पेट्रोल वायाच जातं.

माप कसं काढतात?

इंजिनाला किती मापाचा इंजेक्टर लागतो, हे कागदावर काढता येतं. त्यासाठी चार गोष्टी लागतात : इंजिनाची ताकद, एका हॉर्सपॉवरमागे तासाला लागणारं पेट्रोल, इंजेक्टरची संख्या आणि इंजेक्टर जास्तीत जास्त किती वेळ उघडा ठेवायचा ते.

टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालतं तेव्हा एका हॉर्सपॉवरमागे तासाला ढोबळमानाने २२० ग्रॅम पेट्रोल घेतं. उदाहरणासाठी गावोगावी दिसणारी मारुती अल्टो ८०० घेऊ. इंजिन ३ सिलिंडरचं, ताकद ४८ हॉर्सपॉवर, तीही ६००० आरपीएमला.

४८ ला २२० ने गुणलं तर तासाला १०,५६० ग्रॅम येतात. ६० ने भागलं की मिनिटाला १७६ ग्रॅम. एक मिलिलिटर पेट्रोलचं वजन साधारण ०.७४ ग्रॅम असतं, म्हणून हे झाले सुमारे २३८ मिली. ते ३ सिलिंडरमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला जवळपास ७९ मिली येतात.

पण इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. तो तापतो, त्याचं नियंत्रण सुटतं. म्हणून पूर्ण जोरातही तो ८० टक्क्यांच्या आसपासच वेळ उघडा राहील, असं धरतात. ७९ ला ०.८ ने भागलं की उत्तर येतं साधारण १००. म्हणजे या इंजिनाला मिनिटाला १०० मिलीच्या आसपासचा इंजेक्टर पुरतो.

हाच हिशेब ४ सिलिंडरच्या, १२०० सीसीच्या, ८३ हॉर्सपॉवरच्या स्विफ्टला लावला तर प्रत्येक इंजेक्टरचं माप सुमारे १२८ मिली निघतं. आठ हॉर्सपॉवरच्या, एका सिलिंडरच्या मोटारसायकलीला सुमारे ५० मिली पुरतात. हे आकडे ढोबळ आहेत. कंपनी त्यात आपली राखीव जागा धरून प्रत्यक्ष माप ठरवते. पण दोन गाड्यांमधला फरक केवढा असतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं. अल्टोला लागतो त्यापेक्षा स्विफ्टचा इंजेक्टर पाव पटीहून जास्त मोठा निघतो. बाहेरून पाहिलं तर अनेक इंजेक्टर सारखेच दिसतात. प्लगही बसतो, रबर रिंगही बसते. आतलं भोक मात्र डोळ्यांना दिसत नाही.

मोठा बसवला तर काय होतं?

मोठ्या इंजेक्टरची खरी अडचण गाडी पळताना नाही, ती उभी असताना कळते. इंजिन ६००० आरपीएमवर असताना एका सिलिंडरचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतं. त्यातले १६ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा असतो. तेच इंजिन ८०० आरपीएमवर निवांत उभं असताना पेट्रोल फारच थोडं लागतं. तासाला अर्धा लिटर पेट्रोल धरलं, तर प्रत्येक वेळी इंजेक्टरमधून फक्त ०.००७ मिलीच्या आसपास फवारा जातो. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. म्हणजे एका थेंबाचे सात भाग करून एकेक भाग अचूक सोडायचा, असं ते काम आहे.

योग्य मापाच्या इंजेक्टरला त्यासाठी तीन-चार मिलिसेकंद मिळतात. दुप्पट मापाचा इंजेक्टर असेल तर त्याच्या निम्माच वेळ हाती राहतो. सुई उचलायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो. इतक्या कमी वेळात प्रत्येक फवारा सारखा पडत नाही. कधी जास्त, कधी कमी. म्हणून गाडी उभ्या उभ्या थरथरते, मिसिंग करते, सिग्नलवर बंद पडते.

पेट्रोल सतत जास्त जात राहिलं तर पुढचे परिणाम ओळीने येतात. प्लग काळे पडतात. सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो. अॅव्हरेज घसरतं. न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, रिंग आणि बेअरिंग झिजतात. ऑइलची काडी काढून पाहिली आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, त्याला पेट्रोलचा वास आला, तर हा धोक्याचा इशारा समजावा. शिवाय जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो.

लहान बसला तर धोका आणखी मोठा

लहान मापाचा इंजेक्टर बसला, तर गाडी गावात, बाजारात ठीकच चालते. कारण हळू चालवताना पेट्रोल थोडंच लागतं. खरी परीक्षा होते ती भार पडल्यावर. लग्नाच्या वऱ्हाडाला पाच-सहा माणसं कोंबली, एसी लावला आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून साकोलीकडे गाडी दामटली, की इंजिनाला पूर्ण खुराक लागतो. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा राहूनही पेट्रोल कमी पडतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आतलं तापमान वाढतं, इंजिन खडखडायला लागतं. असंच रेटत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनला भोक पडतं.

मोठ्या इंजेक्टरने खर्च वाढतो आणि झीज होते. लहान इंजेक्टर मात्र एका लांबच्या प्रवासात इंजिन उघडायची पाळी आणू शकतो. म्हणून ‘अॅव्हरेज वाढेल’ म्हणून बारीक इंजेक्टर लावण्याचा सल्ला कुणी देत असेल तर तो मानू नये.

नवीन इंजेक्टर लहान नसूनही हीच स्थिती येते, जेव्हा आहे तो इंजेक्टर कचऱ्याने अर्धा बुजलेला असतो. १०० मिलीचा इंजेक्टर बुजून ८० मिलीचा झाला, तर इंजिनाच्या दृष्टीने तो लहानच इंजेक्टर. टाकीतला पंप थकला आणि दाब कमी झाला तरी तेच होतं. दाब ३ बारवरून २ बारवर आला तर इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल जवळपास १८ टक्क्यांनी घटतं. म्हणून इंजेक्टरवर खापर फोडण्याआधी पेट्रोलचा दाब मोजणं आणि फिल्टर पाहणं गरजेचं आहे.

कॉम्प्युटर सांभाळून घेतो, पण किती?

‘आजकालच्या गाड्यांत कॉम्प्युटर आहे, तो अॅडजस्ट करून घेतो’ असं गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. यात अर्धं सत्य आहे. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त आहे की कमी, हे तो सांगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर इंजेक्टरचा वेळ थोडा वाढवतो किंवा घटवतो.

पण याला मर्यादा आहे. बहुतेक गाड्यांत २० ते २५ टक्क्यांच्या आसपास दुरुस्तीपर्यंत कॉम्प्युटर ओढून नेतो. त्यापुढे तो हात टेकतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पेट्रोल कमी पडत असल्यास पी०१७१ आणि जास्त जात असल्यास पी०१७२ हा कोड दिसतो. दुसरं म्हणजे एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर अनेक गाड्यांत कॉम्प्युटर या सेन्सरचं न ऐकता आधी भरलेल्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो. म्हणजे ज्या वेळी चूक सर्वांत महागात पडते, त्याच वेळी तिला सांभाळून घेणारं कुणी नसतं. आणि थंड इंजिन स्टार्ट करताना तर सेन्सर तापलेलाच नसतो.

एकच इंजेक्टर वेगळ्या मापाचा असेल तर आणखी पंचाईत. सेन्सर बहुतेक गाड्यांत सर्व सिलिंडरचा धूर एकत्र मोजतो. एका सिलिंडरला जास्त मिळालं तर तो सगळ्यांचंच पेट्रोल कमी करतो. परिणामी एक सिलिंडर काळा पडतो आणि बाकीचे उपाशी राहतात.

ई-२० पेट्रोल आलं, मग मोठे इंजेक्टर लावायचे का?

सध्या हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचलं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते सरकारने अलीकडे आणलं. हे इथेनॉल उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासूनही तयार होतं. म्हणजे धानाच्या जिल्ह्यातल्या गाडीच्या टाकीत आता काही अंशी तांदूळच जातो.

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. त्यामुळे १ ग्रॅम इथेनॉल जाळायला ९ ग्रॅमच हवा लागते. उलट बाजूने पाहिलं तर तेवढ्याच हवेत जास्त इंधन टाकावं लागतं. ई-२० साठी हवेचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. हिशेब केला तर शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ७ ते ८ टक्के जास्त इंधन इंजेक्टरमधून जावं लागतं. अल्टोच्या उदाहरणात पूर्ण जोरात इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडा होता, तो आता ८६ टक्के वेळ उघडा राहील. म्हणजे कंपनीचाच इंजेक्टर पुरतो. ई-२० साठी मोठे इंजेक्टर लावण्याची गरज नाही. ७-८ टक्क्यांचा फरक कॉम्प्युटरच्या दुरुस्तीच्या मर्यादेत बसतो.

मात्र अॅव्हरेज कमी होतं, हे खरं आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येच शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० वर जुळवलेल्या चारचाकींचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्के, तर तशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० वर जुळवलेल्या चारचाकींत तो १ ते २ टक्के होता. लिटरला २० किलोमीटर देणारी जुनी कार साडेअठराच्या वर देत असेल, तर तो इंधनाचा गुण आहे, इंजेक्टरचा दोष नाही. २० ची १४ वर आली असेल, तर मात्र गाडी तपासायलाच हवी.

जुन्या गाडीत ई-२० मुळे दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष द्यावं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. रबरी नळ्या, इंजेक्टरच्या रिंगा फुगतात किंवा चिरतात. टाकीत साचलेला जुना गाळ सुटून फिल्टरकडे येतो. जुन्या गाडीत पैसे खर्च करायचेच असतील तर ते नळ्या, रिंगा आणि फिल्टरवर करावेत, मोठ्या इंजेक्टरवर नव्हे.

शुद्ध इथेनॉलवर चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे पेट्रोलच्या सुमारे दीडपट इंधन लागतं. म्हणून फ्लेक्स-फ्युएल गाड्यांत कंपनीच जास्त क्षमतेचे इंजेक्टर आणि पंप देते. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत जी इथेनॉलवरची इनोव्हा दाखवण्यात आली, ती अशाच प्रकारची. तिच्या बातम्या वाचून साध्या पेट्रोल गाडीत जास्त इथेनॉल ओतण्याचा प्रयोग कुणी करू नये.

गॅस किट लावताना मापाची निवड खरोखर करावी लागते

कंपनीच्या गाडीत इंजेक्टरचं माप आपल्याला ठरवावं लागत नाही. पण बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसवताना ते फिटरला ठरवावं लागतं. या किटमध्ये गॅसचे वेगळे इंजेक्टर असतात आणि त्यांच्या तोंडाशी बारीक भोकाचे नोझल बसवलेले असतात. एका सिलिंडरची ताकद किती, त्यावर नोझलचं भोक किती मिलिमीटरचं हवं हे ठरतं. ४८ हॉर्सपॉवरच्या ३ सिलिंडर गाडीत एका सिलिंडरला १६ हॉर्सपॉवर येते, तर ८३ च्या ४ सिलिंडर गाडीत जवळपास २१. दोन्हींना एकच नोझल लावला तर एकीत गॅस जास्त, नाहीतर दुसरीत कमी.

गॅस कमी पडला की इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह बसण्याची जागा झिजते. ‘गॅसने इंजिन खाल्लं’ अशी तक्रार ऐकू येते, त्यामागे अनेकदा चुकीचं नोझल किंवा न केलेलं ट्युनिंग असतं. किट लावल्यावर गाडी भार देऊन, लॅपटॉप जोडून ट्यून केली का, हे मालकाने विचारून घ्यावं. किट मान्यताप्राप्त असावं आणि त्याची आरसीवर नोंद करून घ्यावी.

डिझेलचा हिशेब वेगळा

बोलेरो, पिकअप, काळी-पिवळी आणि ट्रॅक्टर हे सगळं डिझेलवर. डिझेल इंजिनात हवा नेहमी जास्तच असते आणि ताकद डिझेलच्या प्रमाणावर ठरते. त्यामुळे ‘डिझेल वाढव, ताकद वाढेल’ हे इथे काही अंशी खरं ठरतं. पण एका टप्प्यानंतर काळा धूर सुरू होतो. काळा धूर म्हणजे न जळालेलं, पैसे देऊन घेतलेलं डिझेल. शिवाय इंजिन आणि टर्बो तापतात ते वेगळं.

डिझेलच्या नोझलमध्ये फक्त भोकाचा आकार पाहून भागत नाही. भोकं किती, फवारा कोणत्या कोनात सुटतो आणि किती दाबाला सुई उघडते, हे सगळं पिस्टनवरच्या खळग्याशी जुळावं लागतं. जुन्या पंपाच्या इंजिनांतल्या अनेक नोझलवर डीएलएलए ही अक्षरं आणि पुढे १५० किंवा १५५ असा आकडा कोरलेला असतो. तो आकडा म्हणजे फवाऱ्याचा कोन. कोन चुकला तर डिझेल पिस्टनच्या कडेवर किंवा सिलिंडरच्या भिंतीवर पडतं. दिसायला सारख्या दोन नोझलमध्ये एवढा फरक असू शकतो. नाशिकच्या बॉश कारखान्यात, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’, असे नोझल आणि इंजेक्टर बनतात. नोझलवरचा पूर्ण नंबर जुळवूनच तो घ्यावा.

५० हॉर्सपॉवरपर्यंतच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये अजून जुन्या पद्धतीचा पंप आहे. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून कडक प्रदूषण नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल आलं. रोवणीच्या दिवसांत चिखलणीला ट्रॅक्टर तासन्‌तास पूर्ण भारावर चालतो. नोझल चुकीचा असेल तर तो तिथेच उघडा पडतो. म्हणून नोझलचं काम हंगामाच्या आधी, भार न पडता तपासून घेतलेलं बरं.

कॉमन रेल गाड्यांत दाब १६०० बार आणि त्याहूनही वर जातो. इथे प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरं आणि आकड्यांचा एक कोड छापलेला असतो. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन इंजेक्टरमध्येही केसाएवढा फरक राहतो, तो या कोडमध्ये लिहिलेला असतो. इंजेक्टर बदलला की बहुतेक गाड्यांत हा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर नवा इंजेक्टर टाकूनही गाडी खडखडते, धूर मारते. मालकाला वाटतं माल खराब निघाला. नुसत्या इंजिनाच्या नावावरही जाऊ नये. १३०० सीसीचं एकच प्रसिद्ध डिझेल इंजिन मारुतीच्या गाड्यांत ७५ आणि ९० अशा दोन ताकदींत आलं होतं. म्हणून पार्ट नंबर चासी नंबरवरूनच काढून घ्यावा.

डिझेल टिपाडात किंवा कॅनमध्ये साठवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पावसाळ्यात त्यात पाणी उतरतं. पाण्याचा थेंबही कॉमन रेल इंजेक्टरची सुई खराब करतो. साठवलेलं डिझेल तळाशी हलू न देता, गाळूनच टाकीत टाकावं आणि फिल्टरखालचं पाणी वेळोवेळी सोडावं.

गॅरेजमध्ये काय विचारावं?

इंजेक्टर बदलण्याचा निर्णय घेण्याआधी मालकाने पुढच्या गोष्टी करून घ्याव्यात.

१. आधी स्कॅनर लावून कोड पाहावा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

२. पेट्रोल गाडीत पंपाचा दाब मोजायला सांगावा. फिल्टर, प्लग आणि कॉइल तपासून घ्यावे. मिसिंग नेहमी इंजेक्टरचंच असतं असं नाही.

३. इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावावेत. काचेच्या नळ्यांत ठरावीक वेळ पेट्रोल सोडतात. सगळ्या नळ्यांत पातळी जवळपास सारखी हवी. फवारा धुक्यासारखा हवा, पिचकारीसारखी धार नको. बंद असताना थेंब गळता कामा नये.

४. साफ केल्यावर पुन्हा मोजावं. पातळी सारखी आली तर नवीन घेण्याची गरज नाही.

५. कॉमन रेल डिझेलमध्ये परतीच्या नळीतून किती डिझेल परत येतं, ती लीक-ऑफ टेस्ट करावी. ज्याचं जास्त येतं, तोच इंजेक्टर दोषी. एका डिझेल इंजेक्टरची किंमत दहा हजारांच्या वर जाऊ शकते, तेव्हा चारही सरसकट बदलू नयेत.

६. बदलायचाच असेल तर जुन्या इंजेक्टरवरचा पार्ट नंबर आणि नव्यावरचा नंबर समोरासमोर ठेवून पाहावा. ‘बसतो’ आणि ‘जुळतो’ यात फरक आहे.

७. कबाडातला इंजेक्टर घ्यावाच लागला तर त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या गाडीचा आणि टेस्ट बेंचवर मोजलेलाच घ्यावा.

८. जुना इंजेक्टर आणि पक्कं बिल मागून घ्यावं. बिलावर पार्ट नंबर लिहिलेला असावा.

कायदा आणि विमा

ताकद वाढवण्यासाठी मोठे इंजेक्टर, बदललेलं कॉम्प्युटर प्रोग्रामिंग, मोठा टर्बो असे प्रकार शर्यतीच्या गाड्यांत करतात. तिथे हवा वाढवलेली असते, म्हणून इंधनही वाढवतात आणि कॉम्प्युटरला नवं माप सांगतात. तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच त्याला अर्थ राहतो. नुसता इंजेक्टर मोठा करून काहीच मिळत नाही.

एमएच-३६ पासिंगच्या रस्त्यावरच्या गाडीत असे बदल कायद्याच्या कचाट्यात आणू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. तसं केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्त इंधन जाणारी गाडी पीयूसीतही अडकते. अपघात झाल्यावर विमा कंपनीने अशा बदलावर बोट ठेवलं तर दाव्याचे पैसेही अडकू शकतात.

बहुतेक गाडीमालकांसाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. इंजिनाला किती खुराक लागतो, याचा हिशेब कंपनीने गाडी बनवतानाच केलेला असतो. मालकाचं काम तो खुराक स्वच्छ ठेवणं आणि भाग बदलताना तेच माप परत बसवणं, एवढंच आहे. गॅरेजला जाताना आरसी सोबत न्यावी, पार्ट नंबर मागावा आणि मोजल्याशिवाय इंजेक्टर बदलू देऊ नये. तपासणीचे काहीशे रुपये खर्च झाले तरी चालतील, इंजिन उघडण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडतात.